आप्पा बरे होईपर्यंत

आमच्या घरात टीव्ही गेम आला तो खासबागच्या मामामुळे. आईचा हा धाकटा भाऊ बेळगावात साड्यांच्या दुकानात कामाला होता आणि निपाणीला येताना रिकाम्या हातानं कधी यायचा नाही. फक्त तो जे आणायचा ते नेमकं घरात कुणालाच नको असायचं. एकदा त्यानं आईसाठी अंडी फेटायचं यंत्र आणलं होतं. आम्ही जैन, आमच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा यायचा नाही, आणि हा मोठ्या हौसेनं म्हणाला, "दुकानदारानं ताकासाठी म्हणून दिलंय." आईनं त्यात खरोखरच ताक घुसळून पाहिलं आणि नंतरची सगळी दुपार भिंती पुसण्यात घालवली. त्यामुळे त्या दिवशी त्यानं पिशवीतून एक काळा डबा, वायरींचा गुंता आणि पिवळी कॅसेट काढली, तेव्हा आईनं आधी भिंतींकडे बघितलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा पुसून विचारलं, "ह्यानं काय घुसळायचं?"

कॅसेटवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, ते आम्ही कधी धड वाचलंच नाही. आमच्या घरी तो 'माकडाचा खेळ'. एक भलंमोठं खेळण्यांचं दुकान, त्यातल्या कपाटाच्या तळाशी उभं असलेलं चावीचं पत्र्याचं माकड. सुरुवातीला न दिसणारा कुणीतरी त्याच्या पाठीतली चावी पिळायचा, करकर आवाज व्हायचा आणि तो थांबला की माकड सुटायचं. चावी उलगडायच्या आत वरच्या फळीवर पोचायचं, तिथं पुन्हा चावी मिळायची. वाटेत अक्षरांचे ठोकळे पायाखालून सरकायचे, भोवरे अंगावर यायचे, लाकडी आगगाडीच्या टपावरून पळत जावं लागायचं. उडी चुकली की खाली. आणि कुठं रेंगाळलं तर माकड जागच्या जागी थांबायचं, मान खाली घालायचं, मग सगळं पहिल्यापासून. जपून खेळायची त्यात सोयच नव्हती. मी मुळात धांदरट. चालताना उंबऱ्याला ठेचकाळणारी, पाणी आणता आणता निम्मं सांडणारी. हिच्या हातात काचेचं काही देऊ नका, असं आई पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची. त्या खेळात मात्र माझी घाई पहिल्यांदा उपयोगाला आली. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि माकड सोडायचं. महिन्याभरात मी अशी पळवायला लागले की गल्लीतली मुलं दारात उभी राहून बघायची.

आता माझा मुलगा सांगतो की असे खेळ सर्वांत कमी वेळात संपवणाऱ्यांच्या जगभर शर्यती चालतात, त्याला स्पीडरन म्हणतात आणि लोक ते बघत बसतात. हे सांगताना तो आईला अडाणी समजून जरा सावकाश बोलतो. मी ऐकून घेते. स्वतः न खेळता दुसऱ्याचं पळणं बघत बसणारा माणूस मी त्याच्या कितीतरी आधी बघितला होता.

आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. तरुणपणापासून त्याच धुळीत उठणं बसणं. त्या धुळीनं की आणखी कशानं कोण जाणे, पण मी दहावीत गेले त्या वर्षी त्यांच्या छातीनं संप पुकारला. डॉक्टरांनी वखारीत पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं आणि ज्या माणसाला रविवारीही घरात चैन पडत नसे तो माणूस बाहेरच्या खोलीत कॉटवर येऊन पडला. पेपर वाचून व्हायचा, रेडिओ ऐकून व्हायचा, भेटायला येणाऱ्यांचं येणं हळूहळू कमी झालं. सुरुवातीला माझ्या खेळाचा आवाज त्यांना नकोसा व्हायचा. मग एक दिवस मी भोवऱ्यांच्या फळीवर पडले आणि मागून आवाज आला, "डाव्या अंगानं जायाचं हुतं गं." मी वळून बघितलं तर आप्पा उशीला टेकून उठून बसले होते.

त्यानंतर ते आमचं दोघांचं काम झालं. मी पळवायची, त्यांनी हातातल्या घड्याळावर वेळ धरायची. त्यांचं मोजणं कन्नडमधून चालायचं, वखारीत पोती उतरवून घेताना लागलेली सवय. "ओंदु, एरडु, मूरु" सुरू झालं की माझे अंगठे आपोआप सुटायचे. आणि माकड थांबेलसं वाटलं की कॉटवरूनच "बेगा, बेगा" म्हणून घाई करायचे. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण आप्पांची घाई कन्नड होती. त्यांनी प्रत्येक फळीला नाव ठेवलं होतं. आगगाडीची ती घटप्रभा स्टेशन, भोवऱ्यांची ती जत्रा, आणि जिच्यापुढे आम्ही कधी गेलोच नाही ती गोट्यांनी भरलेली उतरती फळी म्हणजे तवंदीचा घाट. तिथं हमखास माकड घसरायचं. घसरलं की आप्पा घड्याळावरची नजर काढून म्हणायचे, "खरं हे जातंय तरी कुठं शेवटी? एवढं पळालंय म्हंजे कुठंतरी जायाचं असणारच की त्येला." हे त्यांना मनापासून कळून घ्यायचं होतं. भेटायला येणाऱ्या वखारीतल्या माणसांनाही ते माकड कुठवर आलं ते सांगायचे आणि ती माणसं दिवाणजींच्या डोक्यावर आजाराचा परिणाम झाला की काय अशा नजरेनं आईकडे बघायची.

आमचं जेवण सूर्य मावळायच्या आत. अंधार पडल्यावर घास नाही की पाणी नाही, आणि आप्पांनी हे लहानपणापासून कधी मोडलेलं नव्हतं. खेळायला मिळायचं ते शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत. आभाळ भरून आलं की तर तेवढाही वेळ नसायचा. आईच्या भाकरी थापटण्याचा आवाज थांबला की आम्हाला कळायचं की आता हाक येणार. एकदा जोंधळ्याची भाकरी, उडदाचं घुटं, शेंगदाण्याची चटणी असं ताट वाढून आईनं हाक मारली, आणि त्या दिवशी माकड घाटात निम्म्यापर्यंत उतरलेलं. आप्पा म्हणाले, "आलो, आलो, एवढं बघतो." आईनं पुन्हा हाक मारली. माकड घसरलं, आप्पांनी हळहळून खिडकीबाहेर बघितलं, तर उजेड गेलेला. आम्ही दोघं ताटांसमोर नुसतेच उभे. आईचा संताप असा की ती ताटं झाकून आत गेली, आणि तीही उपाशी राहिली. सकाळी वाटीभर पोहे पुढ्यात आदळून ती म्हणाली, "माकडाच्या पायी उपास घडला. पुण्य त्येलाच लागू दे." आप्पा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. धर्मानं वागणारा, घड्याळाबरहुकूम जगलेला हा माणूस त्या खेळात वेळेचं भान विसरला होता. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि तरीही मला त्याचा अर्थ कळला नाही. मला वाटत राहिलं की खेळ माझा आहे, आणि आप्पा मला सोबत करतात.

भाद्रपदात त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. आई एसटीनं ये-जा करायची. अशीच ती एका दुपारी धुतलेले कपडे न्यायला आली होती, माझ्या मागे बसून घड्या घालत होती, आणि त्या दुपारी मी तवंदीचा घाट उतरले. कसा ते मलाही सांगता आलं नसतं. घाटाच्या खाली दुकानाचं दार होतं, दाराबाहेर रस्ता, रस्त्याच्या पलीकडे एक घर, आणि घरात एक लहान मूल झोपलेलं. माकड खिडकीतून उडी मारून त्याच्या उशापाशी गेलं आणि तिथं त्याची चावी संपली. मला वाटलं हरले. पण संगीत वाजायला लागलं, मान खाली घातलेलं माकड तसंच उशाशी बसून राहिलं आणि पडद्यावर खेळ संपल्याची अक्षरं आली. सगळ्या खेळभर थांबणं म्हणजे मरण होतं आणि शेवटी तिथं जाऊन थांबायचंच होतं. मी आनंदानं ओरडले. मागे आई हातात आप्पांचा सदरा धरून बघत होती. "आप्पास्नी सांगू नको हं," मी तिला म्हणाले, "मीच दाखवणार." आई म्हणाली, "बरं बाई, न्हाय सांगत."

त्याच आठवड्यात शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की आप्पांचं जास्त झालंय. आई तिकडंच राहिली. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दशलक्षण पर्व चाललं होतं आणि त्या वर्षी एका आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास निपाणीत होता. पर्वाच्या अखेरीला प्रवचन झाल्यावर लोक एकेक करून उठतात आणि आपल्या आवडीची एखादी वस्तू सोडायचा नियम घेतात. कुणी वर्षभर वांगं सोडलं, कुणी नवं लुगडं घ्यायचं सोडलं. एका बड्या व्यापाऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं दुधी भोपळा सोडला. त्यांनी जन्मात दुधी खाल्लेला नाही हे त्यांच्या बायकोसकट सगळ्या बस्तीला ठाऊक होतं. लोक हसले. मला त्या हसण्याचा राग आला. माझा बाप तिकडं श्वासासाठी झगडत होता. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मी टीव्ही गेम सोडतो. आप्पा बरं हुईपर्यंत."

"मुदत घाल, बाळ," माताजी म्हणाल्या. "म्हैना म्हण, दोन म्हैने म्हण. बरं होणं आपल्या हातात नसतं." मी म्हणाले, "न्हाय. बरं हुईपर्यंतच." बायकांमध्ये कुजबुज झाली, कुणीतरी "दिवाणजींची लेक" असं कौतुकानं म्हणालं. आप्पांवर माझा जीव होता, हे खरं. ती कुजबुज मला गोड लागली, हेही खरं. माताजींनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि नियम झाला.

आप्पा घरी आले ते निम्मे होऊन. गाडीतून उतरून कॉटपर्यंत यायला त्यांना दोन ठिकाणी टेकावं लागलं. पण कॉटवर बसल्यावर, पाणीसुद्धा घ्यायच्या आधी, त्यांनी मनगटावरचं घड्याळ नीट केलं आणि म्हणाले, "हं, लाव माकड. कुठवर गेलंय बघू." मी आईकडे बघितलं. आईनं नियमाचं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. त्यांनी स्वतः बटाटा सोडला होता तो लग्नाच्या आधीपासून, आणि घेतलेल्या नियमाला त्यांच्या लेखी देवाइतकाच मान होता. ते म्हणाले, "लई मोठं केलंस, बाळ." मग घड्याळ काढून उशाखाली ठेवलं. त्या शब्दांनी मी कितीतरी दिवस फुशारून गेले होते.

टीव्हीवर आईनं विणलेलं झाकण पडलं. संध्याकाळी मी अभ्यास करायचे, आप्पा बंद टीव्हीसमोर बसून राहायचे. एकदा आईलाच त्यांची दया आली असावी. तिनं पदर खोचून रिमोट हातात घेतला आणि माकड सोडलं. तिचं माकड पहिल्या ठोकळ्याच्या पुढे काही केल्या जाईना, प्रत्येक वेळी ते सरळ खड्ड्यात. ती म्हणायची, "अगंबाई, गेलं की." हसून हसून आप्पांचे डोळे पाणावले. मी मात्र नियम मोडायला नको म्हणून स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आप्पांनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली, पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि कुणालाही न सांगता बस्तीत चालत गेले. परत आले तेव्हा कपाळावर गंध होतं आणि ओठ निळसर. मी शाळेला निघाले होते. ते दारातच म्हणाले, "बस्तीपतोर चालत जाऊन आलो. उपाध्येंना सांगून आलो, मी बरा झालो म्हणून. तुझा नियम सुटला आता."

मी विचारलं, "बरं झालासा तर खोकालासा कशाला?"

"ते जुनंच हाय गं. ते काय जायाचं न्हाय."

"मग माडी चढून दाखवा."

हे मी चेष्टेनं म्हणाले नव्हते. नियम म्हणजे नियम, तो खरा पुरा झाला पाहिजे, आपल्या सोयीनं नव्हे, असं मला वाटत होतं. आणि हे मला शिकवणारा माणूस माझ्यासमोर उभा होता. आप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि कठड्याला धरून माडी चढायला लागले. मी खाली हाताची घडी घालून उभी. निम्म्यावर ते थांबले, पुन्हा चढले. वर पोचले आणि शेवटच्या पायरीवर बसले. बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून हसले आणि दोन बोटं हवेत फिरवली, चावी पिळल्यासारखी. सोड माकड, असं ते म्हणत होते.

मी म्हणाले, "बघा. न्हाय झालासा बरं."

स्वयंपाकघरातून आईनं फक्त माझं नाव घेतलं, एकदाच, जोरात. मी दप्तर उचलून शाळेला गेले. त्यांना माडीवरून खाली कुणी आणलं ते मी विचारलंही नाही.

संक्रांतीच्या सुमाराला ते कॉटवरून फारसे उठेनासे झाले. एका संध्याकाळी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. ते म्हणाले, "खेळू नको. तोंडानं तर सांग. तुझी आई सांगाय लागली, तू घाट उतरलीस म्हणून. फुडं काय हाय?"

मी म्हणाले, "सोडलेल्या वस्तूत मन घातलं तरी दोष लागतो. तुमीच सांगितलासा."

"व्हय," ते म्हणाले, "मीच सांगितलं." आणि पाय जवळ ओढून घेतले.

एवढंच सांगायचं होतं, की आप्पा, ते एका पोराच्या उशाशी जाऊन बसतं. सांगायला किती वेळ लागला असता. जन्मभर मी सगळं घाईनं केलं, लग्न घाईनं, भांडणं घाईनं, नोकऱ्या घाईनं सोडल्या. घाई करायला हवी होती अशी ती एकच संध्याकाळ, आणि तेव्हा मी दम धरला. होळीच्या आधी आप्पा गेले. काही लोक मला म्हणाले, तू एवढा नियम पाळलास, त्यांना चांगली गती मिळाली असेल. मी मान हलवली. पुढं कधीतरी मामानं तो डबा उचलून नेला. मी त्यानंतर असल्या कुठल्याही खेळाला हात लावलेला नाही. नियमाप्रमाणे लावताही येत नाही, कारण आप्पा काही बरे झाले नाहीत.

खूप वर्षांनी आई माझ्याकडे बेळगावला राहायला आली होती. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो आणि मुलगा टीव्हीवर काहीतरी पळवत होता. आई बघत होती. मध्येच म्हणाली, "ते माकड पोराच्या उशाला जाऊन बसत हुतं, न्हाय गं?"

तिला आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी म्हणाले, "आई, तुला तर ठाऊक हुतं. मी सांगू नको म्हटलेलं, खरं तू तरी सांगायचंस की त्यास्नी."

"मी सांगत हुतो की," आई म्हणाली. "एकदा न्हाय, लई डाव सांगत हुतो. ऐकूनच घेईनात. 'तिच्या तोंडनंच ऐकणार, आज न्हाय तर उद्या सांगंल ती,' म्हणायचे. तू शाळेतनं यायच्या वक्ताला उठून बसायचे बघ, रोज."

ते उठून बसलेले मला दिसायचे. दप्तर खाली ठेवताना दरवेळी मनात यायचं, आज आप्पांना जरा बरं दिसतंय.